चामड्याची एकसारखी वादी घरी कापायचीय: अवजार कसं बनवू?

अर्धवट_सुतार · शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. लाकूडकामाच्या चर्चांचे धागे काढून तुम्हाला पुरेसं पिडलं, आता चामड्याकडे वळलोय.

निमित्त आईच्या पर्सचं. शांतिनिकेतनची, बाटिकची नक्षी असलेली ती चपटी पर्स असते ना, तीच. लग्नानंतर पहिल्या सहलीला घेतलेली. चामडं अजून ठणठणीत आहे, पण काठाला गुंफलेली वादी चार ठिकाणी तुटली आहे. चौकातल्या दोन कारागिरांना विचारलं. एक म्हणाला मशीन मारून देतो, दुसरा म्हणाला टाकून द्या. दोन्ही पटलं नाही.

म्हणून वजनावर मिळणारे कात्रणाचे तुकडे आणले. बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे म्हणाला, वासही तसाच येतोय. त्यातून ३ मिमी रुंदीची वादी हवी आहे. काय केलं ते सांगतो. एका फळीत कटरचं पातं उभं ठोकलं, बाजूला ३ मिमी अंतरावर एक खिळा मारला, चामड्याची गोल चकती कापली आणि तिची कड खिळा व पातं यांच्यामधून ओढत गेलो. कल्पना अशी की चकती फिरत राहील आणि वादी सुटत राहील. वादी सुटली, पण कुठे २ मिमी, कुठे साडेचार. सापाने ओळीने चार उंदीर गिळले असावेत तशी दिसते.

दुसरा प्रश्न जाडीचा. चामडं १.६ मिमी आहे, जुनी वादी भरते जेमतेम ०.९. इतकी पातळ कशी करायची? बाजारात पातळ करायची यंत्रं आहेत, पण एका पर्सपायी एवढा खर्च केला तर घरात माझीच चकती निघेल. घरच्या घरी काही जमेल का?

फोटो जोडले आहेत.

भुंगा · शनिवार, रात्री १०.३१

फोटो दिसत नाहीयेत.

बाकी तयार वादी ऑनलाइन मीटरवर मिळते. एवढा खटाटोप कशाला?

अर्धवट_सुतार · शनिवार, रात्री १०.४०

फोटो परत चढवले.

तयार मागवून पाहिली हो. गोल दोरी आली. चपटी मागवली तर ती रेक्झिनची निघाली, नखाने वरचा पापुद्रा सुटतो. शिवाय खटाटोप हाच तर छंद आहे.

टोचणी · शनिवार, रात्री ११.०५

अरे वा, आवडता विषय! मी काठ गुंफते (पाकिटं, डायरीची कव्हरं), म्हणून आधी लांबीचा हिशोब करून घ्या. नाहीतर चार भोकं उरतात आणि वादी संपते. मी या दुःखातून दोनदा गेले आहे.

साधी गुंडाळी, म्हणजे एकेका भोकातून काठावरून फिरवत जायचं, तिला काठाच्या साधारण साडेतीन पट वादी लागते. दुहेरी फासाची गुंफण, जी काठावर वेणीसारखी दिसते, तिला सात ते आठ पट. तुमच्या फोटोत साधी गुंडाळी दिसतेय. काठ किती आहे?

चकतीतून किती वादी निघेल तेही आधीच काढता येतं. चकतीचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी. १२ सेंमी व्यासाची चकती घेतली तर ११३ चौसेंमी. मधला ४ सेंमीचा गोळा सोडून द्यायचा, कारण तिथे वळण इतकं आवळतं की वादी वाकडीच निघते. ते साडेबारा वजा केले की शंभर उरले. ०.३ ने भागा, ३३५ सेंमी. तळहाताएवढ्या तुकड्यातून सव्वातीन मीटरच्या वर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, दोरा लावून मोजलं होतं.

अर्धवट_सुतार · शनिवार, रात्री ११.२०

काठ ९० सेंमी. म्हणजे ३१५ लागणार आणि १२ च्या चकतीत ३३५. फारच काठावरचा हिशोब झाला, १५ ची घेतो. धन्यवाद टोचणीताई, शाळेत हे असं शिकवलं असतं तर!

फिटर_निवृत्त · रविवार, सकाळी ६.५०

फोटो पाहिले. तुमचा खिळा पात्याच्या धारेच्या एक सेंटिमीटर पुढे आहे. सगळा घोळ तिथे आहे.

चकती खिळ्याला टेकते एका जागी आणि कापली जाते दुसऱ्या जागी. मधल्या त्या एका सेंटिमीटरमध्ये हात जरा डावी-उजवीकडे झाला की चकती खिळ्याभोवती झुलते आणि रुंदी बदलते. टेकू आणि धार एकमेकांच्या बरोबर समोर हवेत, ओढीच्या दिशेला काटकोनात. मग हात कितीही हलला तरी दोघांमधलं अंतर तेच राहतं.

दुसरी चूक, चामडं वर मोकळं आहे. पात्यापाशी ते उचललं जातं, गोळा होतं आणि मग एकदम तुटतं. वरूनही धरलं पाहिजे.

म्हणून खिळा विसरा, ठोकळा करा. सागवान, शिसम, बाभूळ, जे कठीण लाकूड घरात पडलं असेल ते. ८ सेंमी लांब, ३ सेंमी जाड. त्याच्या लांब कडेत हॅक्सॉने एक आडवी खाच घ्या, १२ मिमी खोल. एका पात्याची खाच साधारण १ मिमीची होते, तुमचं चामडं १.६ आहे, तेव्हा हॅक्सॉच्या फ्रेममध्ये दोन पाती एकत्र अडकवा. चकतीची कड या खाचेत सरकवायची, तळाला टेकेपर्यंत. खाचेचा तळ हाच तुमचा टेकू.

आता ठोकळ्याच्या मागच्या टोकाकडून एक उभा काप घ्या, २ सेंमी लांब, खाचेच्या तळाशी समांतर आणि तळापासून ३ मिमीवर. त्यात १८ मिमी कटरचं पातं बसवा, धार येणाऱ्या चामड्याकडे. पातं अर्धा मिमी जाड असतं आणि काप १ मिमीचा, म्हणून डब्याच्या पत्र्याची बारीक पाचर मारा. पातं सरळ उभं ठेवू नका, मागे कलतं ठेवा, म्हणजे ते रेटत नाही, सुरीसारखं ओढून कापतं.

३ मिमी मोजायला फूटपट्टीच्या मागे लागू नका. सहा नंबरी (६ मिमी) बोल्टचा साधा वॉशर १.६ मिमी जाड असतो. दोन वॉशर एकत्र धरले की ३.२. ते तळ आणि पातं यांच्यामध्ये उभे धरून पातं टेकवायचं, पाचर मारायची, वॉशर काढून घ्यायचे. कारखान्यात आम्ही सगळी मोजमापं अशीच करायचो, म्हणजे साहेब नसताना.

सुरुवातीला रापीने (चामडं कापायच्या सुरीने) किंवा कात्रीने ५ सेंमी शेपूट हाताने कापून पात्याच्या पलीकडे काढून घ्या. पकडायला काहीतरी हवं. मग डाव्या हाताने ठोकळा टेबलाला दाबून (शिकंजा असेल तर उत्तम), उजव्या हाताने शेपूट ओढा. चकती आपोआप फिरते, तिला हात लावायचा मोह टाळा.

अर्धवट_सुतार · रविवार, सकाळी ९.१५

दंडवत! वाचता वाचताच कागदावर काढून पाहिलं. आज बुधवार नाही पण रविवार आहे, म्हणजे जुना बाजार भरलेला असणार. लाकडाचा तुकडा आणि हॅक्सॉची पाती घेऊन येतो.

रापी · रविवार, दुपारी २.३०

मी शक्यतो वाचतो फक्त, पण विषय घरचा निघाला म्हणून लिहितोय.

आमच्या घरात कोल्हापुरी चपला बनायच्या. आता मी बँकेत आहे, भाऊ अजून करतो. चपलेवर जी वेणी असते तिच्या वाद्या आजोबा कशा कापायचे ते सांगतो. ना ठोकळा, ना खिळा. कातड्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचं, डाव्या हाताने ताणायचं आणि उजव्या हातात रापी. रापीच्या पात्याला लागून अंगठ्याचं नख कडेवर टेकवलेलं. नख आणि धार यांच्यामधलं अंतर म्हणजे वादीची रुंदी. फिटरकाका जे टेकू आणि धार समोरासमोर म्हणतात ते हेच. आजोबांनी शब्दांत कधी सांगितलं नाही, हातावर टपली मारून सांगितलं.

तर दोन गोष्टी. एक, कातडं कुठलं घेतलंत ते बघा. पाठीचं चामडं कमी ताणतं, पोटाकडचं लोचट असतं. कात्रणाच्या पिशवीत जास्त करून पोटाकडचेच तुकडे असतात, म्हणूनच ते कात्रण झालेलं असतं. तुकडा दोन्ही हातांनी आडवा-उभा ओढून बघा. रबरासारखा वाटला तर बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट धारेची. नवीन कटरचं पातंसुद्धा चामड्याला पुरत नाही. रापी दगडावर पाजळून झाली की आजोबा ती चामड्याच्या पट्ट्यावर पंधरा-वीस वेळा उलटसुलट ओढायचे, न्हावी वस्तरा ओढतो तशी. धातूला पॉलिश करणाऱ्याकडे हिरवा साबण (म्हणजे पॉलिशची वडी) मिळतो, तो पट्ट्याला चोळा. दर दोन-तीन मीटरला एकदा. वादीची कड केसाळ दिसायला लागली की समजा धार गेली.

आणि एक सांगतो, राग मानू नका. इथे सगळे लेदर क्राफ्ट, छंद वगैरे म्हणताय, वाचायला छान वाटतं. आम्ही शाळेत असताना बापाचा धंदा विचारला की आवाज खाली जायचा. कपड्याला येणाऱ्या वासावरून बेंच बदललेला आहे माझा. आज त्याच वासाला तुम्ही ‘तसाच वास येतोय’ असं कौतुकाने म्हणताय, तर थोडं हसू आलं. बस इतकंच.

टोचणी · रविवार, दुपारी ३.१०

रापी, लिहिलंत ते बरं केलंत. मी ही गुंफण शिकले ती महागड्या वर्कशॉपमध्ये, आणि तिथे शिकवणाऱ्याला ‘रापी’ हा शब्द माहीत नव्हता.

खवट_बदाम · रविवार, दुपारी ३.२२

कोल्हापुरीचा विषय निघालाच आहे तर त्या इटलीच्या प्राडावाल्यांनी तशाच चपला आपल्या म्हणून दाखवल्या त्यावर कोणी बोलणार आहे का? २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो काय शोभेला? आणि त्यात आपल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचे चार का घुसवले, हा प्रश्न आहेच!!

टोचणी · रविवार, दुपारी ३.३०

खवट, वेगळा धागा काढा. या धाग्याचं काश्मीर करू नका. वाद्या कापू देत त्यांना.

रापी · रविवार, दुपारी ४.०२

घुसवले काय त्यात? अथणी-निपाणीकडे पूर्वीपासून बनतात त्या. आमची आजी तिकडचीच. चला, वादीवर या.

मेलबर्नचा_मुक्काम · सोमवार, पहाटे ५.१५

इथे घोडेस्वारीवाले लोक चाबूक विणतात. चार, आठ, बारा, कधी चोवीस पदरी. शेजारचे आजोबा हौसेने करतात, त्यांच्या गॅरेजमध्ये बसून मीही थोडं शिकलो. तेही रापी म्हणतात तसं अंगठ्याच्या नखावरच कापतात, ऑस्ट्रेलियात बसून! फक्त कातडं कांगारूचं.

ते एक गोष्ट करतात जी तुमच्या कामाची आहे. पहिल्या फेरीत वादी जास्त रुंद कापतात. ३ हवी असेल तर ४. मग ती किंचित ओलावून, चिखल होईपर्यंत नाही, हाताला गार लागेल इतकीच, दोन खिळ्यांमध्ये ताणून ठेवतात. चकतीतून निघालेली वादी स्प्रिंगसारखी वळलेली असते, ती सरळ होते. लुळा भाग जास्त ताणला जातो, तिथे ती अरुंद होते. वाळल्यावर मग दुसऱ्या फेरीत ३ वर आणतात. आधी कापून मग ताणलं तर रुंदी परत बिघडणारच, कारण ताणताना सगळीकडे सारखी ताणली जात नाही.

जाडी कमी करायची तीसुद्धा ताणल्यानंतरच.

अर्धवट_सुतार · मंगळवार, रात्री ९.४८

अहवाल सादर.

ठोकळा झाला. जुन्या खाटेचा शिसमी पाय मिळाला, त्यातला तुकडा कापला. पहिल्या झटक्यात पातं निसटलं कारण पाचर ढिली होती. दुसऱ्यांदा वादी निघाली आणि काय सांगू! एका दमात चार मीटरच्या वर. व्हर्नियर लावला: ४.०, ४.१, ३.९, ४.०. (मेलबर्नकरांचं ऐकून ४ लावलं होतं.) आई टीव्ही सोडून बघायला आली. चकती जादूने लहान होत जाते आणि वादी जमिनीवर पडत राहते, हे बघण्यात काहीतरी आहे. मी आणखी दोन चकत्या नुसत्या मजेसाठी कापल्या.

बाल्कनीत दोरीच्या खिळ्यांना ताणून रात्रभर ठेवली, सकाळी मोजली तर रुंदी साडेतीन ते चार मिमीच्या दरम्यान कुठेही भरत होती. दुसऱ्या फेरीसाठी वॉशर लावून पातं ३.२ वर आणलं. चकचकीत काम.

इथपर्यंत सुख. मग जाडीकडे वळलो. रंध्याचं पातं शिकंज्यात आडवं धरलं, खाली सागाची पट्टी, मधून वादी ओढली. खट्ट. तुटली. परत. खट्ट. तिसऱ्यांदा तुटली नाही, पण एक कड कागदासारखी आणि दुसरी जशीच्या तशी. नऊ इंच वादी वाया. काय चुकतंय?

फिटर_निवृत्त · बुधवार, सकाळी ६.३०

तीन गोष्टी चुकताहेत. पण आधी शाबास.

पहिली, खाली सपाट पट्टी नको, गोल हवं. पट्टीवर वादी सगळ्या लांबीभर घासते, तुम्ही ओढता ती ताकद घासण्यात जाते आणि वादी पात्यापाशी तुटते. ६०८ नंबरचं बेअरिंग आणा, स्केटिंगच्या चाकात असतं ते. आत ८ मिमी भोक, बाहेरून २२, रुंदी ७. तुमच्या ३ मिमीच्या वादीला ७ ची रुंदी भरपूर. एका इंग्रजी ‘एल’ आकाराच्या लोखंडी तुकड्याला ८ च्या बोल्टवर ते बसवा. बोहरी आळीत हे सगळं एका दुकानात मिळेल.

दुसरी, एका वेळी फार खाताय. १.६ वरून थेट ०.९ म्हणजे जवळजवळ निम्मं. पाव मिमीच्या वर एका फेरीत घेऊ नका. पातं ज्या पट्टीवर बसवाल ती एका बाजूला बिजागरीने आणि दुसऱ्या बाजूला सहा नंबरी बोल्टवर टेकवा. सहाच्या बोल्टचा आटा १ मिमीचा, म्हणजे पूर्ण फेरा दिला की बोल्ट १ मिमी सरकतो, पाव फेरा दिला की पाव मिमी. पातं बिजागरी आणि बोल्ट यांच्या बरोबर मध्ये असेल तर ते त्याच्या निम्मंच सरकेल, तेव्हा पाव मिमीला अर्धा फेरा. शेवटची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. गॅरेजवाल्या मित्राकडे असतो.

तिसरी, पात्याची धार बेअरिंगच्या बरोबर माथ्यावर हवी. मागे-पुढे झाली की फट खोटी होते. पात्याची सपाट बाजू खाली, वादीकडे, आणि उतरती बाजू वर, म्हणजे सोललेला पापुद्रा वर वळून निघून जाईल. पात्याची पाठ अगदी किंचित उचललेली ठेवा. जास्त उचललीत तर पातं वादीत घुसतं आणि तुमचं ते खट्ट होतं.

वादी घालताना गुळगुळीत बाजू बेअरिंगवर, आतली खरबरीत बाजू पात्याकडे. उलटी घातलीत तर सगळं सौंदर्य सोलून हातात येईल. पहिले ३ सेंमी रापीने हाताने तासून जीभ करून घ्या, ती पात्याखालून काढा, पक्कडीत धरा आणि न थांबता एकसंध ओढा. थांबलात तिथे पायरी पडते.

सोळा_घरं · बुधवार, सकाळी ११.००

तबल्याच्या बाजूने थोडं. आमच्याकडेही वादीच म्हणतात. पुडीला (तबल्याच्या तोंडावरच्या कातड्याला) सोळा घरं, त्यातून वादी खालीवर फिरते, आणि खाली आठ गठ्ठे (लाकडी ठोकळे). ती वादीही कातड्यातून अशीच गोल गोल फिरत कापतात. ज्यांच्याकडे तबला भरायला देतो त्यांना कापताना पाहिलं आहे. फरक एवढाच की ते कमावलेलं चामडं नसतं, कच्चं कातडं असतं. भिजवून मऊ करून ओढतात, वाळलं की ते आवळतं आणि लाकडासारखं कडक होतं.

सांगायचं कारण, कोणी हा धागा वाचून तबल्याची वादी पर्सच्या काठाला वापरू नये. एका उत्साही मित्राने वहीच्या कव्हरला वापरली होती. वाळल्यावर वहीची द्रोणासारखी वाटी झाली. त्यात आता तो पेनं ठेवतो.

रापी · बुधवार, रात्री ८.१५

अर्धवट, पातळ करण्याआधी थांबा जरा.

गाईम्हशीच्या जाड चामड्यात ताकद असते ती मधल्या आणि खालच्या थरात, जिथे जाड तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. वरचा गुळगुळीत थर दिसायला देखणा, पण एकटा लेचापेचा. जाड चामडं आतून सोलत सोलत नेलंत की तुम्ही ताकदीचा भाग फेकताय आणि दिखाऊ भाग ठेवताय. १.६ चं ०.९ केलेली वादी आणि मुळात ०.९ असलेली बकरीच्या चामड्याची वादी, दोन्ही हाताला सारख्याच लागतील, पण ओढून बघा. तुमच्या पर्सची जुनी वादी मला बकरी-मेंढीचीच दिसते.

भाऊ वेणीला बकरीचंच चामडं घेतो. सोलायची वेळच येत नाही, फक्त कडा तासायच्या.

मेलबर्नचा_मुक्काम · गुरुवार, पहाटे ५.४०

+१. कांगारूचं महत्त्व इथे त्यासाठीच आहे. त्याच्या चामड्यात तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर असतात, त्यामुळे पातळ केलं तरी ताकद टिकून राहते. गाईचं तसं नाही.

भुंगा · गुरुवार, सकाळी १०.१०

म्हणजे ते बेअरिंगचं प्रकरण फुकटच?

फिटर_निवृत्त · गुरुवार, सकाळी १०.४५

फुकट कसं? बकरीचं कातडंही सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. १.१ कुठे, ०.८ कुठे. सगळी वादी ०.८ च्या फटीतून एकदा ओढली की जाड जागा तेवढ्या घासल्या जातात, पातळ जागांना पातं लागतही नाही. खरा उपयोग तो. निम्मं सोलायला नाही, सारखं करायला. रापी म्हणतात ते बरोबर आहे, मी लोखंडाच्या बाजूने विचार करत होतो, कातड्याच्या नाही.

अर्धवट_सुतार · रविवार, रात्री ९.३०

मधले दोन दिवस गायब होतो कारण डाव्या तर्जनीला तीन टाके. कौतुकाने सांगत नाही, इतरांसाठी लिहितोय. पातं बसवलेला ठोकळा टेबलावर तसाच ठेवून चहाला गेलो, परत येऊन हात टेकवला. ओढताना काही झालं नाही, चहामुळे झालं. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. आता ठोकळ्याला बुचाचा तुकडा दोऱ्याने बांधून ठेवलाय, काम थांबलं की तो पात्यावर बसतो.

बकरीचं चामडं मिळालं, गडद तपकिरी, १.० च्या आसपास. १५ सेंमीची चकती. ४ वर कापली, ताणली, ३.२ वर आणली. बेअरिंगवाला सांगाडाही झाला, पण पुन्हा एक कड पातळ येत होती. फिलर गेज तर बरोबर सांगत होता.

फिटर_निवृत्त · रविवार, रात्री ९.५०

बोट सांभाळा.

गेज मध्यभागी घातला असणार. वादी काढा, सांगाड्यामागे बॅटरी लावा आणि पातं व बेअरिंग यांच्यामधल्या फटीतला उजेड डोळ्याजवळ घेऊन बघा. एका बाजूला जास्त दिसला तर पातं तिरकं आहे. स्क्रूखाली कागदाची घडी घालून ते सरळ करा. एकदा वर्तमानपत्राचा, नाहीतर पोस्टकार्डाचा.

अर्धवट_सुतार · सोमवार, रात्री १०.२०

वर्तमानपत्राच्या दोन घड्या आणि उजेड सरळ! काका, तुम्ही कुठे राहता, पाया पडायला येतो.

वादी पूर्ण ०.८ वर आली. ३ मीटर ४० सेंमी अखंड. तासलेले पापुद्रे टेबलभर पडलेत, मांजर त्यात खेळतंय.

टोचणीताई, गुंफायला सुरुवात केली. जुनी वादी काढताना भोकं ताणली जाऊ नयेत म्हणून तुकडे तुकडे करून काढली. मध्ये एक जोड द्यावा लागला, ओढताना एका जागी सुटली. दोन्ही टोकं दीड सेंमी तासून, एकमेकांवर उतरती ठेवून, मोच्याकडचं सोलुशन लावून दाबली. पुरेल ना?

टोचणी · सोमवार, रात्री १०.४५

पुरेल. सोलुशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं, ओलं असताना नाही. आणि जोड भोकात येऊ देऊ नका, मागच्या बाजूला दोन भोकांच्या मध्ये येईल असं बघा. वादीची गुळगुळीत बाजू प्रत्येक वेढ्याला बाहेर राहतेय का तेही तपासत चला. दहा वेढे झाल्यावर कळतं की चौथा उलटा पडलाय, तेव्हा रडू येतं.

अर्धवट_सुतार · बुधवार, रात्री ८.००

झाली. फोटो जोडला आहे. सातवा वेढा उलटा पडला होता, उसवून परत केला.

आईला दिली. तिने उलटसुलट करून बघितली, वास घेतला, म्हणाली आधीची वादी जरा लालसर होती. मग आत हात घालून जुन्या कप्प्यातून एक बसचं तिकीट काढलं, बोलपूरचं, आणि परत तिथेच ठेवलं.

रापी, पट्ट्यावर हिरवा साबण लावायची युक्ती सोन्यासारखी निघाली. भावाला सांगा.

रापी · बुधवार, रात्री ९.१०

फोटो भावाला पाठवला. म्हणाला वेढे बरे आहेत, पण कोपऱ्यावर एका भोकातून दोनदा घ्यायला हवं होतं, तिथे काठ उघडा दिसतोय. त्याच्या तोंडून ‘बरे’ म्हणजे खूप झालं.

भुंगा · बुधवार, रात्री ९.२५

आता फोटो दिसतोय. भारी झालीय, शब्द मागे घेतो. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. एक शंका, ते मधले ४ सेंमीचे गोळे उरतात, त्यांचं काय करता?

फिटर_निवृत्त · गुरुवार, सकाळी ६.४०

फेकू नका. पूर्वी रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपाला चामड्याचा वायसर असायचा. तेलात भिजवून ठेवला की वाटीसारखा वळतो आणि हवा धरतो. बाजारात आता धड मिळत नाही, मी असल्याच गोळ्यातून कापतो.

अर्धवट_सुतार · गुरुवार, सकाळी ७.०५

माळ्यावर आजीचा पितळी स्टोव्ह आहे, पंप मारला की नुसता फुस्स होतो. वायसरचा व्यास किती घेऊ?

फिटर_निवृत्त · गुरुवार, सकाळी ७.३०

पंपाची नळी आतून मोजा आणि त्यापेक्षा ४-५ मिमी मोठा कापा. आणि नवीन धागा काढा.